मीठ, महायुद्ध आणि फेफऱ्याचे औषध

श्रोतेहो, फेफरे हा रोग आपल्या खेड्यापाड्यांना नवा नाही. कुणी त्याला मिरगी म्हणतात, कुणी आकडी म्हणतात, आणि जुने वैद्य त्याला अपस्मार म्हणत आले. चरकाने आणि सुश्रुताने या रोगाला आपल्या ग्रंथांत स्वतंत्र अध्याय दिले आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा आपल्या लोकांनी याची दखल घेतली होती. चांगला धडधाकट माणूस चालता चालता कोसळतो, हातपाय झाडतो, तोंडाला फेस येतो, आणि थोड्या वेळाने जागा होऊन "मला काय झालं?" असे विचारतो. भोवतीची माणसे घाबरतात. कुणी कांदा हुंगवतो, कुणी जोडा नाकाशी धरतो, कुणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबतो. फेफरे बहुधा दोनचार मिनिटांत आपोआप थांबते, पण श्रेय मात्र जोड्याला मिळते!

परंतु आज मला या रोगाची हकीकत सांगायची नाही. सांगायची आहे ती त्याच्या औषधाची, आणि त्यातही ते औषध मिळेनासे झाले तेव्हा काय घडले त्याची. आता तुम्ही म्हणाल, औषधाच्या टंचाईला कसला आला आहे इतिहास? दुष्काळात धान्य मिळत नाही, तसे कधी औषध मिळत नाही, एवढेच. पण पाहा, या औषधाची जात निराळी आहे. हिवतापाचे औषध ताप गेला की थांबते, खोकल्याचे औषध खोकला गेला की थांबते. फेफऱ्याचे औषध मात्र फेफरे येऊ नये म्हणून रोज, ठरल्या वेळी, वर्षानुवर्षे घ्यावे लागते. आणि मधेच ते एकदम तुटले, तर रोग नुसता मूळपदावर येत नाही, दामदुपटीने उलटतो. एकामागून एक फेफरी येतात, मधे शुद्धही येत नाही. त्यात माणूस दगावूसुद्धा शकतो. म्हणून या औषधाचा तुटवडा ही नुसती गैरसोय नसते. कुणाच्या तरी घरी ते जिवावरचे संकट असते.

ही गोष्ट सुरू होते मिठापासून. फ्रान्सच्या दक्षिणेस माँपेलिए नावाचे गाव आहे. तिथल्या मिठागरातले मीठ काढून घेतल्यावर जे कडवट खारे पाणी उरते, त्याची तपासणी बालार नावाचा एक तेवीसचोवीस वर्षांचा तरुण करीत होता. १८२६ साली त्या पाण्यातून त्याला एक तांबूस, उग्र वासाचा द्रव मिळाला. वास इतका वाईट, की ग्रीक भाषेतल्या दुर्गंधीच्या शब्दावरून त्याचे नाव 'ब्रोमीन' असे पडले. या ब्रोमीनपासून जो क्षार होतो, तो ब्रोमाइड. दिसायला मिठासारखा आणि चवीलाही खारटच.

पुढे तीसएक वर्षांनी, ११ मे १८५७ रोजी लंडनमध्ये डॉक्टरांची एक सभा भरली होती. विषय होता फेफरे. सभेत सर चार्ल्स लोकॉक उठले. हे व्हिक्टोरिया राणीच्या बाळंतपणाचे वैद्य. त्यांनी सांगितले, की आपण काही स्त्रियांना पोटॅशियम ब्रोमाइड देऊन पाहिले, आणि पंधरांपैकी चौदा जणींची फेफरी थांबली. लोकॉक यांची रोगाच्या कारणाविषयीची कल्पना पुढे चुकीची ठरली. पण औषध खरे निघाले! तोवर फेफऱ्यावर जे जे उपाय होत, त्यांत रक्त काढणे होते, डाग देणे होते, नाना प्रकारचे काढे होते. खरोखर गुण येणारे असे पहिले औषध म्हणजे हे ब्रोमाइड.

मग त्याचा बोलबाला झाला. लंडनला क्वीन स्क्वेअर येथे मज्जारोगांचे एक नामांकित इस्पितळ आहे. १८७० नंतरच्या त्या काळात एकट्या त्या इस्पितळात वर्षाला सुमारे अडीच टन ब्रोमाइड लागत असे. एका इस्पितळाला अडीच टन! यावरून या रोगाची माणसे किती होती आणि ती या क्षारावर कशी अवलंबून होती, याचा अंदाज करावा. औषध काही निर्दोष नव्हते. अंगावर पुळ्या येत, माणूस सुस्त होई, विसराळू होई. पण फेफऱ्यापेक्षा पुळ्या परवडल्या, असेच घरोघरी म्हणत असतील.

आता एवढे ब्रोमाइड येत कुठून होते? जर्मनीत स्टासफुर्ट या गावी जमिनीखाली मिठाच्या प्रचंड खाणी आहेत. तिथे खतासाठी पोटॅश काढत. ते काढल्यावर उरलेल्या पाण्यात ब्रोमीन सापडे. १८६० नंतर तिथे ब्रोमीन काढण्याचा धंदा सुरू झाला, आणि हां हां म्हणता जर्मन कारखानदारांनी आपला संघ करून जगाचा बाजार मुठीत घेतला. भाव ते ठरवीत. माल किती सोडायचा, तेही तेच ठरवीत.

या मक्तेदारीला धक्का दिला तो अमेरिकेतल्या हर्बर्ट डाऊ नावाच्या एका तरुणाने. मिशिगन प्रांतात मिडलंड गावाच्या पोटात खारे पाणी आहे. त्यात हवा खेळवून, कमी खर्चात ब्रोमीन काढण्याची युक्ती त्याने १८९१ साली साधली. जर्मन माल अमेरिकेत एक पौंडाला ४९ सेंट दराने विकला जाई. डाऊने ३६ सेंटांना विकायला सुरुवात केली. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याने आपला माल युरोपात पाठवला, तेव्हा जर्मन संघ चिडला. त्याला बुडवण्यासाठी त्यांनी अमेरिकेत आपला माल अवघ्या १५ सेंटांना ओतला. डाऊ वस्ताद! त्याने गाजावाजा न करता माणसे लावून तोच स्वस्त जर्मन माल विकत घेतला, नव्या पिशव्यांत भरला आणि युरोपात २७ सेंटांना विकला. जर्मनांना बरेच दिवस कळेना, की आपला माल अमेरिकेत इतका खपतो कसा, आणि युरोपात डाऊकडे इतका माल येतो कुठून!

ही बाजारी कुस्ती ऐकायला गमतीची आहे. पण तिच्यातला मुद्दा गंभीर आहे. ज्या औषधावर लाखो घरांची झोप अवलंबून होती, ते जगात मोजक्या ठिकाणीच निघत होते. ती एकदोन ठिकाणे बंद झाली तर काय, याचा विचार कुणी केला नव्हता.

तो विचार करायची वेळ १९१४ च्या ऑगस्टात आली. पहिले महायुद्ध पेटले. इंग्लंडच्या आरमाराने जर्मनीची समुद्रावरची वाट अडवली. स्टासफुर्टचे ब्रोमाइड बाहेर पडेना. त्यातच दुसरे संकट उभे राहिले. ब्रोमीन हा विषारी, डोळ्यांना झोंबणारा पदार्थ. लढाईत अश्रुवायू करायला तोच लागू लागला. फ्रेंचांनी १९१४ सालीच ब्रोमीनयुक्त वायू वापरला, आणि जर्मनांनी १९१५ च्या जानेवारीत पोलंडमधील बोलिमोव्ह येथे रशियन फौजेवर ब्रोमीनयुक्त द्रवाने भरलेले तोफगोळे टाकले. म्हणजे माल आधीच कमी, आणि जो होता त्याला गिऱ्हाईक नवे, तेही सरकारी आणि श्रीमंत. ब्रोमाइडचे भाव भडकले. फेफऱ्याच्या रोग्याला हवा तो क्षार आता तोफेच्या गोळ्याला हवा होता. या दोघांत कोणाची सरशी झाली असेल, हे सांगायला नकोच.

आपला देश तेव्हा इंग्रजांच्या अमलाखाली. बहुतेक परदेशी औषधे बोटीने येत. बोटी लढाईच्या कामाला लागल्या, की मुंबईच्या गोदीत औषधांच्या पेट्या उतरत नसत. कलकत्त्यास आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी 'बंगाल केमिकल' हा कारखाना आधीच उभा केला होता. १९०१ साली त्याची रीतसर कंपनी झाली होती. पण एका कारखान्याने सगळ्या देशाची नड भागणे शक्य नव्हते.

अशा तंगीत डॉक्टरांच्या हाती एक तोड होती, आणि ती पुन्हा मिठाचीच! तूलूझ आणि रिशे या दोन फ्रेंच डॉक्टरांनी १८९९ सालीच दाखवून दिले होते, की रोग्याच्या जेवणातले मीठ कमी केले, तर थोडे ब्रोमाइडही पुष्कळ काम करते. कारण साधे आहे. साधे मीठ आणि ब्रोमाइड ही शरीराच्या दृष्टीने सख्खी भावंडे. शरीराला मीठ भरपूर मिळाले, की मूत्रपिंडे ब्रोमाइडला लवकर बाहेर घालवतात. मीठ कमी मिळाले, की ती ब्रोमाइडलाच धरून ठेवतात. म्हणून अळणी जेवण आणि निम्मे औषध, असा तो हिशेब. पण हा खेळ विस्तवाशी होता. अळणी जेवणात ब्रोमाइड थोडे जास्त झाले, की ते अंगात साठून विषासारखे बाधे. डॉक्टराच्या नजरेखाली जे साधले, ते घरच्या घरी करायला गेलेल्यांच्या अंगाशी येण्याचा संभव होता. टंचाईतली काटकसर जाणत्याला विचारूनच करावी, हा धडा तेव्हाचा आहे आणि आजही तो तितकाच खरा आहे.

आता गोष्टीला दुसरे वळण लागते. युद्ध सुरू होण्याआधी दोनच वर्षे, १९१२ साली, जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे आल्फ्रेड हाउप्टमान नावाचा एक तरुण डॉक्टर मनोरुग्णांच्या इस्पितळात काम करीत होता. असे सांगतात, की रोग्यांच्या रात्रीच्या फेफऱ्यांनी त्याची झोपमोड होई. त्याने त्यांना झोपेचे एक नवे औषध दिले. बायर कंपनीने ते 'ल्युमिनाल' या नावाने नुकतेच बाजारात आणले होते. त्याचे शास्त्रीय नाव फेनोबार्बिटल, आपल्याकडे आपण फेनोबार्बिटोन म्हणतो. रोगी झोपले, हे तर ठरल्याप्रमाणेच झाले. पण हाउप्टमानच्या ध्यानात आले, की त्यांची फेफरीही कमी झाली, आणि तीसुद्धा दिवसा, जागेपणी! ब्रोमाइडने ज्यांना गुण येत नव्हता, त्यांनाही याने गुण आला. त्याने हे छापून प्रसिद्ध केले.

शांततेचा काळ असता, तर ही बातमी वर्ष दोन वर्षांत सगळीकडे गेली असती. पण युद्ध आले. जर्मन मासिके शत्रूच्या देशात पोहोचेनात आणि जर्मन औषधही पोहोचेना. औषधाची टंचाई असते, तशी ज्ञानाचीही टंचाई असते, ती ही. इंग्लंड-अमेरिकेतील डॉक्टर महाग ब्रोमाइडच्या पुड्या बांधत बसले, आणि त्याहून बरे औषध कुंपणापलीकडे पडून राहिले. युद्ध संपत आले तेव्हा अमेरिकेच्या सरकारने बायर कंपनीची अमेरिकेतली मालमत्ता शत्रूची म्हणून जप्त करून लिलावात काढली. १९१८ च्या डिसेंबरात ती सुमारे ५३ लाख डॉलरांना स्टर्लिंग कंपनीने घेतली. त्यानंतर कुठे १९१९-२० च्या सुमारास तिथल्या डॉक्टरांनी ल्युमिनालचे आपले अनुभव छापायला सुरुवात केली. मधली सातआठ वर्षे किती घरांनी फुकट सोसली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

हाउप्टमानचे पुढे काय झाले, हेही ऐकण्यासारखे आहे. तो ज्यू होता. हाले येथील विद्यापीठात प्राध्यापक झाला होता. हिटलरच्या राजवटीत १९३५ साली त्याला काढून टाकण्यात आले. १९३८ साली डाखाउच्या छळछावणीत डांबले गेले. सुटल्यावर देश सोडून तो अमेरिकेस गेला, आणि १९४८ साली बोस्टन येथे वारला. त्याच राजवटीने १९३३ साली कायदा करून आनुवंशिक फेफऱ्याच्या रोग्यांना सक्तीने निर्बीज करायला आरंभ केला. आणि पुढे तर अपंग व मतिमंद मुलांना मारण्यासाठी ल्युमिनालच्याच जादा मात्रा वापरल्या. ज्या गोळीने फेफरे थांबते, तीच गोळी मारेकऱ्याच्या हाती गेली. औषध कोणाच्या हाती आहे, ते कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, हा प्रश्न नुसता डॉक्टरांचा नसून समाजाचाही आहे, तो असा.

१९३८ साली आणखी एक औषध हाती आले. बोस्टन येथील मेरिट आणि पुटनाम या दोघांनी मांजरांवर प्रयोग करून अनेक रसायने तपासली, आणि त्यांतून फेनिटॉइन निवडले. गंमत अशी, की हे रसायन बिल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९०८ सालीच तयार केले होते. तीस वर्षे ते बाटलीत पडून होते, पण ते फेफऱ्याला चालते हे कोणी पाहिलेच नव्हते. फेनिटॉइनने झोप न आणता फेफरे आवरते, हा त्याचा मोठा गुण.

पण लगेच १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि पुन्हा बोटी अडल्या. या वेळी मात्र आपल्या देशात थोडी जाग होती. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने १९३१ सालीच बाजारातल्या भेसळीच्या आणि कमअस्सल औषधांबद्दल बजावून ठेवले होते. त्यातून १९४० चा औषधांचा कायदा झाला. मुंबईत डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली सिप्ला ही कंपनी काढली होती. १९३९ च्या जुलैत खुद्द गांधीजी तो कारखाना पाहून गेले होते. युद्धकाळात देशी कारखान्यांनी जमेल ती औषधे इथेच करायला घेतली. स्वातंत्र्य मिळाल्यावर तर सरकारनेच पाऊल उचलले. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली पेनिसिलीनचा सरकारी कारखाना उभा राहिला, तो याच जाणिवेतून, की औषधासाठी दुसऱ्याच्या दाराशी उभे राहणे बरे नव्हे. पुढे १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावर नव्हे, तर ते करण्याच्या कृतीवर तेवढे पेटंट, असा नियम केला. त्यामुळे आपल्या कारखानदारांना तेच औषध निराळ्या कृतीने करण्याची मुभा मिळाली आणि भाव खाली आले. २००५ साली तो नियम बदलला. पण फेफऱ्याची जुनी औषधे तोवर कोणाच्याही पेटंटाच्या बाहेर गेली होती.

मग आता टंचाई कशाची? इथेच इतिहासाची मजा, किंवा सजा म्हणा, आहे. १९७७ साली जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांची पहिली यादी केली, तीत फेनोबार्बिटल आणि फेनिटॉइन ही दोन्ही होती. गोळी स्वस्त, कृती माहीत, कारखाने पुष्कळ. तरीही आज जगात सुमारे ५ कोटी माणसांना हा रोग आहे, आणि गरीब देशांत त्यांतल्या तीनचतुर्थांश लोकांना योग्य उपचार मिळत नाहीत, असे तीच संघटना सांगते. वास्तविक नीट उपचार मिळाले, तर शंभरांतल्या सत्तर जणांची फेफरी थांबू शकतात. म्हणजे ही टंचाई खाणीतली किंवा बोटीवरची नाही. ती वाटेतली आहे.

या वाटेत पहिला अडसर कायद्याचा. फेनोबार्बिटल हे गुंगी आणणारे औषध. म्हणून १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारात आणि आपल्या १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात त्याची नोंद झाली. हेतू चांगला होता, गैरवापर होऊ नये. पण नोंदी, परवाने, वह्या यांची कटकट वाढली, की दुकानदार म्हणतो, एवढ्या स्वस्त गोळीसाठी एवढा खटाटोप कशाला? आणि तो ती ठेवतच नाही. स्वस्त असणे हाच त्या गोळीचा अवगुण ठरतो!

दुसरा अडसर लाजेचा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात, ज्याला वारंवार फेफरे येते अशाचा विवाह कायदेशीर अटीत बसत नसे. १९९९ साली दुरुस्ती होऊन तो शब्द काढला गेला. तो निघावा म्हणून खटपट करणाऱ्यांत डॉक्टर आणि रोग्यांच्या संस्थाही होत्या. कायदा बदलला. पण मने बदलायला वेळ लागतो. मुलीला फेफरे येते हे गावाला कळू नये, म्हणून आईबाप गावच्या दवाखान्यात जात नाहीत, लांबच्या शहरातून गुपचूप गोळ्या आणतात. याचा परिणाम काय होतो, पाहा. गावात फेफऱ्याचा रोगी नाही, असेच आरोग्य केंद्राच्या वहीत दिसते. रोगी नाही, म्हणून मागणी नाही. मागणी नाही, म्हणून गोळी येत नाही. आणि गोळी येत नाही, म्हणून जो उघडपणे येतो तोही हात हलवत परत जातो. लपवलेला एक रोगी दहा जणांचे औषध तोडतो.

ही वाट मोकळी करता येते, याचेही दाखले आहेत. कर्नाटकात यळंदूर नावाच्या ग्रामीण भागात डॉ. के. एस. मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन रोगी हुडकले, आणि फेनोबार्बिटल किंवा फेनिटॉइन यांपैकी एक साधे औषध नेमाने देऊन वर्षानुवर्षे पाहिले. त्यांचा अहवाल २००१ साली प्रसिद्ध झाला. खेड्यातसुद्धा, साध्या औषधांवर, या रोगाला आवर घालता येतो, हे त्यावरून दिसले. चीनमध्ये खेड्यांतल्या साध्या डॉक्टरांना शिकवून सुमारे अडीच हजार रोग्यांना फेनोबार्बिटल दिले. ज्यांनी वर्षभर औषध घेतले, त्यांतल्या एकतृतीयांशांची फेफरी पूर्ण थांबली, आणि दोनतृतीयांशांहून थोड्या अधिक लोकांची निदान निम्म्याने कमी झाली. तिथे काही नवे औषध नव्हते. १९१२ चीच गोळी होती, फक्त ती दर महिन्याला घरापर्यंत पोहोचत होती.

आणि ती पोहोचली नाही, तर काय होते, हे आपण अलीकडेच पाहिले. २०२० च्या मार्चअखेर करोनाच्या साथीमुळे टाळेबंदी लागली. एस.ट्या बंद, रेल्वे बंद, मोठ्या इस्पितळांतले बाह्यरुग्ण विभाग बंद. जिल्ह्याच्या गावाहून महिन्याची औषधे आणणाऱ्या माणसाची वाटच तुटली. सरकारने फोनवरून औषध लिहून देण्याचे नियम केले. पण अमली पदार्थांच्या यादीतली औषधे तशी लिहून देण्यास त्यात मनाई होती, आणि फेनोबार्बिटल त्याच यादीत! मज्जारोगतज्ज्ञांनी ही अडचण मांडली, आणि त्याच वर्षी फेफऱ्याच्या अशा काही औषधांना त्या नियमांत जागा करून देण्यात आली. १९१४ साली युद्धनौकांनी वाट अडवली, २०२० साली साथीने आणि कागदाने अडवली. पण हेही खरे, की या वेळी बोलणारे कोणी होते, म्हणून कागद हलला.

आजही आपण निर्धास्त राहावे असे नाही. आपल्याकडे गोळ्या होतात, पण त्यांचा कच्चा माल पुष्कळदा चीनहून येतो. स्टासफुर्टची जागा बदलली, परावलंबन उरलेच. तेव्हा उद्या पुन्हा तुटवडा पडला, तर घरच्यांनी काय करावे, हे आजच ठरवून ठेवलेले बरे.

पहिली गोष्ट. फेफरे थांबले म्हणून, पैसे नाहीत म्हणून, किंवा उपास आहे म्हणून औषध एकदम बंद करू नका. बंद करायचेच असेल, तर ते डॉक्टर हळूहळू कमी करून करतात. दुसरी गोष्ट, शेवटची गोळी संपेपर्यंत थांबू नका. पंधरा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढची सोय बघा. पेरणीच्या आणि यात्रेच्या दिवसांत, पावसाळ्यात ओढ्याला पूर येण्याआधी, थोडा साठा घरात असू द्या, मात्र मुलांच्या हाताला लागणार नाही असा. तिसरी गोष्ट, औषधाचे कंपनीचे नाव आणि मूळ नाव दोन्ही, आणि किती मिलिग्रॅमची गोळी, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. म्हणजे एका कंपनीची नसली, तर त्याच औषधाची दुसरी मागता येते. मात्र गोळी बदलली, हे डॉक्टरांच्या कानावर घाला. चौथी गोष्ट, गोळ्या पुरवून पुरवून अर्ध्या करू नका, शेजाऱ्याच्या उसन्या घेऊ नका, आणि औषध मिळतच नसेल, तर न लाजता प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तसे सांगा. फेनिटॉइन नसेल, तर डॉक्टर दुसरे औषध बसवून देऊ शकतात. पण ते संपण्याआधी गेलात तर! आणि गर्भवती बाईने तर आपल्या मनाने काहीच बदलू नये, लवकरात लवकर डॉक्टरांना दाखवावे.

गोळ्यांचा खंड पडला असेल, तेव्हा जागरण, उपास आणि दारू ही तिन्ही टाळावीत, कारण त्यांनी फेफरे ओढवते. त्या दिवसांत विहिरीच्या काठी, चुलीपाशी, झाडावर किंवा वाहनावर त्या माणसाला एकटे सोडू नये.

आणि शिक्षक बंधुभगिनींनो, तुम्हाला एक विशेष विनंती. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाला फेफरे आले, तर घाबरू नका आणि इतर मुलांनाही घाबरू देऊ नका. भोवतीचे बाक, दगड, कंपासपेटी दूर सारा. मानेजवळची गुंडी सैल करा. मूल कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल. तोंडात चमचा, कापड, बोट, पाणी, काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. जोडा आणि कांदा घरीच राहू द्या. घड्याळाकडे पाहा. पाच मिनिटांहून जास्त फेफरे चालले, किंवा शुद्ध येण्याआधी दुसरे आले, तर ताबडतोब दवाखान्यात न्या. आणि शुद्धीवर आल्यावर त्या मुलाला परत त्याच बाकावर, त्याच मित्राशेजारी बसवा. दुसऱ्या दिवशी पालकांना बोलावून हळूच एवढेच विचारा, "गोळ्या संपल्या होत्या का?" कित्येकदा फेफऱ्याचे कारण त्या एका प्रश्नात सापडते.

गावात अशी मुले किती आहेत, याची नोंद आशाताईंकडून आरोग्य केंद्रात पोहोचली, तर तिथल्या मागणीच्या कागदावर गोळ्यांचा आकडा येईल. आकडा आला, की माल मागवता येईल. जे काम एके काळी आरमारांना आणि कारखानदारांच्या संघांना जमले नाही, त्यातले थोडे तरी काम एका शाळामास्तराच्या आणि एका आशाताईच्या वहीने होऊ शकते. ती वही येत्या सोमवारी उघडावी, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.